जेटवरचा आकडा

आमच्या घरामागं गुरांचा कोठा होता. बैल गेले, भाड्याचा ट्रॅक्टर येऊ लागला, तेव्हा गव्हाणीच्या जागी मी टेबल टाकलं. दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात त्याला अजूनही कोठाच म्हणतात. ‘भाऊ कुठं हाय?’ ‘कोठ्यात हाय.’ तिथं मी जुन्या गाड्यांचे कार्बोरेटर नीट करतो. फियाटचे सोलेक्स, विलीज जीपचे कार्टर, कधी एखाद्या राजदूतचा. नव्या गाड्यांत पेट्रोल मोजून द्यायचं काम आता कॉम्प्युटर करतो. त्यामुळं ही विद्या जाणणारी माणसं उरली कमी, आणि वस्तू जुनी झाल्यानं तिचा भाव मात्र वाढला. भाव वाढला की खऱ्याखोट्याचा प्रश्न येतोच.

कार्बोरेटर म्हणजे एक अरुंद गळा. गळ्यातून जाताना हवेचा वेग वाढतो, दाब उतरतो आणि त्या उतरलेल्या दाबानं वाटीतलं पेट्रोल बारीक भोकातून वर ओढलं जातं. हे भोक ज्या पितळी तुकड्यात असतं, तो जेट. सोलेक्सच्या मेन जेटवर आकडा कोरलेला असतो. १२० लिहिलं असेल, तर भोक १.२० मिलिमीटर.

रस्त्याकडेला गाडी बंद पडली की लोक काय करतात? जेट काढायचा आणि ब्रेकच्या केबलची एक तार घालून घासायचा. गाडी चालू होते, सगळे खूश. पण पितळ मऊ आणि तार पोलादी. अशा दहा-वीस घासण्यांत भोक १.२५ झालं, तर त्याचं क्षेत्रफळ साडेआठ टक्क्यांनी वाढतं. गाडी जास्त पेट्रोल पिते, काळा धूर टाकते. आकडा मात्र तसाच, १२०. म्हणून मी जेट आधी पेट्रोलमध्ये भिजवतो, हवेनं फुंकतो आणि तरीही आकड्यावर विश्वास ठेवत नाही. गेजनं भोक मोजतो.

माझ्याकडं दोन प्रकारची माणसं येतात. एक म्हातारे काका त्यांची जीप घेऊन आले होते. थ्रॉटलचा दांडा झिजून ढिला झालेला, त्याच्या कडेनं फुकटची हवा आत शिरत होती. मी म्हटलं, मूळचा दांडा मिळणार नाही, लेथवर बुश करून बसवावं लागेल. ते म्हणाले, “मले मूळचं-बिळचं काही कयत नाही गा बाप्पा. पोरीच्या गावाले जाऊन वापस आली पायजे, बस.” त्यांचं बरोबरच होतं. आपल्याकडं वखराची पास झिजली की लोहाराकडून नवी येते, रुमणं मोडलं की बाभळीचं नवं बसतं. वखर तरी आज्याचंच राहतं. त्यात कोणाला खोटं वाटत नाही, कारण ते कोणी ‘जसंच्या तसं’ म्हणून विकायला काढत नाही.

दुसरे शहरातले एक व्यापारी. २०२१ साली केंद्र सरकारनं विंटेज गाड्यांचे नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली, मूळ रूपात ठेवलेली, सांगाडा, बॉडी आणि इंजिनात मोठे फेरफार न केलेली गाडी असेल, तर तिला ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो. व्यापाऱ्यांच्या फियाटमधला जेट कुठल्यातरी लेथवर बनवलेला, बिनआकड्याचा होता. ते म्हणाले, “दादा, गाडी तर नुसती उभी राहणार. वरून चकाचक करा, जेटवर कंपनीसारखा आकडा ठोकून द्या. आत कोण बघतं?” पैसे चांगले देत होते. त्या वर्षी पावसानं कापूस काळा पडला होता, आणि घरात पैशाची गरज होती.

त्यांचा प्रश्न मला फालतू वाटला नाही. खरंच, आत कोण बघतं? नियम जेटपर्यंत पोहोचत नाही. गाडी चालणारच नसेल, तर नुकसान कोणाचं?

मी बराच विचार केला तेव्हा ध्यानात आलं, की आत बघणारा एक माणूस असतोच. तो म्हणजे पुढचा मिस्त्री. दहा वर्षांनी कोणीतरी ती गाडी चालवायला काढील. मिस्त्री जेट उघडील, आकडा वाचील आणि म्हणेल, इथं तर ठीक आहे. मग पॉइंट पाहील, व्हॉल्व्ह पाहील, शेवटी चांगलं इंजिन खोलून बसेल. इमानदार माणूसच जास्त फसेल, कारण तोच आकड्यावर भरवसा ठेवतो. तारेनं घासणाऱ्यानं अडाणीपणानं जे केलं, तेच मी समजून-उमजून करणार होतो. मी नाही म्हटलं. ते दुसरीकडं गेले. आकडा कुठंतरी ठोकला गेला असेलच. माझ्या नकारानं जग सुधारलं नाही, हेही मला ठाऊक आहे.

पण याचा अर्थ जुनं ते सगळं जसंच्या तसं जपावं, असाही नाही. २०२३ पासून पंपांवर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल येऊ लागलं. इथेनॉल पाणी ओढून घेतं, कार्बोरेटरच्या जस्तमिश्रित अंगावर पांढरी भुकटी धरते, जुनं रबर फुगतं नाहीतर तडकतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात, पाइपातलं पेट्रोल उकळू नये म्हणून लोक पंपावर ओलं फडकं गुंडाळतात, तिथं मूळचीच नळी पाहिजे म्हणून फुटकी नळी ठेवणं म्हणजे गाडीला आग लावून घेणं. बदलायचं ते बदललंच पाहिजे. खोटेपणा बदल करण्यात नसतो, तो झाकण्यात असतो.

म्हणून मी एक रीत ठेवली आहे. काढलेला प्रत्येक भाग, झिजलेली सुई असो की फाटका पडदा, थैलीत घालून मालकाला परत देतो. सोबत वहीचं एक पान: काय मूळचं राहिलं, काय बदललं, कोणत्या गाडीचं बसवलं, जेटचं भोक मोजून किती भरलं. काकांनी ते पान न वाचताच घडी करून जीपच्या कागदपत्रांत ठेवलं. त्यांना त्याची गरजही नव्हती. ते पान त्यांच्यासाठी नव्हतंच. मी नसताना जो कोणी ती जीप उघडील, त्याच्यासाठी होतं.