मुळाचा पुरावा कोण मागतो?

माहूरगडावर रेणुकेच्या दर्शनाला येणाऱ्या कित्येक घराण्यांचा नांदेड जिल्ह्याशी कुलदैवतापलीकडे काहीही संबंध उरलेला नसतो. पिढ्यान्‌पिढ्या कर्नाटकात, मुंबई-पुण्यात किंवा परदेशात स्थिरावलेली ही माणसे लग्नकार्यानंतर किंवा नवस फेडायला येतात, देवीची ओटी भरतात, कुटलेल्या विड्याचा प्रसाद घेतात आणि परततात. साडेतीन शक्तिपीठांपैकी एक मानल्या जाणाऱ्या या स्थानी तांदळा, म्हणजे केवळ मुखरूपातील देवी, पुजला जातो. नैवेद्य कोणता, कुलधर्म थोरल्या घराने चालवावा की धाकट्या, आपली देवी मुळात माहूरची की तुळजापूरची, यांवर भाऊबंदांत वाद होतात, आणि जिच्या कथेत बापाच्या आज्ञेवरून मुलाने आईचाच शिरच्छेद केला तिच्यापुढे असे वाद नेण्यात संकोच वाटण्याचेही कारण नाही. मात्र हे सारे वाद आचाराचे असतात. आपण या कुळातले आहोत हे सिद्ध करणारा कागद गडावर कोणी मागत नाही.

याच्या शेजारी बेने इस्रायल कुटुंबांचा कोकणप्रवास ठेवून पाहिला, तर मुळांच्या शोधाचे एक वेगळेच रूप दिसते. बेने इस्रायल म्हणजे रायगड जिल्ह्याच्या किनारपट्टीवर शतकानुशतके वसलेला, मराठी बोलणारा यहुदी समाज. तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी, म्हणजे यहुद्यांच्या शब्बाथाच्या दिवशी, काम बंद ठेवणारे म्हणून गावकरी त्यांना शनिवार तेली म्हणत. पेणकर, रोहेकर, किहीमकर, दिवेकर ही त्यांची आडनावे गावांवरूनच पडली. 1948 नंतर या समाजातील बहुसंख्य लोक टप्प्याटप्प्याने इस्रायलला गेले, आणि आता तेथे जन्मलेली त्यांची मुले-नातवंडे अलिबागची इस्रायल आळी, रेवदंड्याचे प्रार्थनामंदिर आणि नवगावचे दफनस्थान पाहायला येतात.

असे तीन पिढ्यांचे कुटुंब एकत्र निघाले की भांडण ठरलेलेच असते, आणि ते केवळ उन्हाचे, जेवणाचे किंवा गाडीतल्या जागेचे नसते. ज्या आजीचे बालपण कोकणात गेले तिच्या लेखी मूळ म्हणजे शेजार, भाषा आणि मलिदा, म्हणजे एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाने गोड पोहे व फळे मांडून केला जाणारा विधी. मुलाच्या लेखी हा सारा मुक्काम वाटेवरचा आणि खरे मूळ जेरुसलेमचे. नातवाला दोघांचेही म्हणणे पुराव्याअभावी अपुरे वाटते. बापाचा हा आग्रह आणि नातवाची ही शंका नेमकी कोठून आली, हे इस्रायलच्या इतिहासात शोधावे लागते.

तेथे विवाहाची नोंद धर्मपीठाच्या हाती असते. 1962 साली प्रमुख रब्बींच्या, म्हणजे सर्वोच्च धर्मगुरूंच्या, कार्यालयाने असा आदेश काढला की बेने इस्रायल व्यक्तीचा विवाह अन्य यहुद्याशी होत असेल, तर तिच्या मातृवंशाची शक्य तितक्या मागच्या पिढ्यांपर्यंत चौकशी करावी. याविरुद्ध समाजाने जेरुसलेममध्ये धरणे धरले, आणि 1964 साली संसदेत चर्चा होऊन शासनाने त्यांच्या संपूर्ण समानतेची ग्वाही दिल्यानंतर आदेशाच्या शब्दरचनेतून त्यांचे नाव वगळण्यात आले. कोकणात ज्यांच्या यहुदीपणाबद्दल शेजाऱ्यांनी कधी प्रश्न केला नव्हता, त्यांना तो प्रश्न स्वधर्मीयांच्याच देशात विचारला गेला, ही गोष्ट कडवट आहे खरी. पण अधिक महत्त्वाचे हे की, त्या प्रश्नाने मूळ ही आचाराची बाब न राहता पुराव्याची बाब झाली.

नवगावची परंपरागत कथा या प्रकाशात पुन्हा वाचण्यासारखी आहे. गलबत फुटून चौदा जण किनाऱ्याला लागले आणि वाहून आलेली प्रेते दोन मोठ्या थडग्यांत पुरली, असे ती सांगते. हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी 1897 साली लिहिलेल्या आणि 1937 मध्ये तेल अवीवला छापलेल्या इतिहासात हे आगमन ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकात ठेवलेले आहे. वाचलेल्यांत सात पुरुष आणि सातच स्त्रिया होत्या, हा तपशील वंशशुद्धीच्या चौकटीत चपखल बसतो, कारण धर्मशास्त्रानुसार यहुदीपण आईकडून येते. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात मात्र या समाजात पश्चिम आशियाई यहुदी आणि स्थानिक भारतीय असे दोन्ही वारसे आढळले, आणि स्थानिक वाटा मुख्यतः स्त्रियांकडून आलेला दिसला. धर्मपीठाने जो धागा तपासायला सांगितला, तोच कोकणाकडे जातो. आजीला याचे काही वाटू नये; घरातली चूल कोकणी होती हे तिला प्रयोगशाळेने सांगण्याची गरज नसते. बाप मात्र नवगावच्या स्मारकासमोर आवाज चढवतो, कारण त्याच्या मनातला श्रोता शेजारी उभा असलेला मुलगा नसून विवाहनोंदणीच्या टेबलामागचा अधिकारी असतो.

पुरावा मागणारी सत्ता असली की पूर्वजांचा शोध निकडीचा होतो, ही गोष्ट यहुद्यांपुरती मर्यादित मानण्याचे कारण नाही. ज्या मराठवाड्यात माहूर आहे, तेथे 2023 पासून निजामकालीन दप्तरांत मराठा घराण्यांच्या, आरक्षणासाठी लागणाऱ्या, कुणबी नोंदी शोधण्याचे काम न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या देखरेखीखाली सुरू झाले, आणि उर्दू व मोडी जाणणाऱ्या माणसांना एकाएकी मागणी आली. आपण कोण, हे ज्यांना तोवर कोणी विचारले नव्हते, ते पणजोबांचे नाव कोणत्या कागदात कसे लिहिले आहे हे पाहू लागले. एका शाखेला सापडलेली नोंद दुसरीच्या उपयोगी पडायची, तर वंशावळ जुळवावी लागते, आणि त्यासाठी बांधावरून अबोला धरलेल्या चुलत घराच्या पायऱ्या चढाव्या लागतात.