रडून झालं... आता पुढे?

आजचं वाचन : लूक १९:१-१०



जक्कयाची गोष्ट आपण संडे स्कूलपासून ऐकत आलोय. बुटका माणूस, उंबराचं झाड आणि खाली थांबून त्याला नावाने हाक मारणारा येशू. लहानपणी मला ते झाड फार आवडायचं. हल्ली मात्र मी आठव्या वचनापाशी अडकतो. तिथे जक्कय उभा राहून प्रभूला चक्क हिशोब सांगतो : अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला फसवलं असेल त्याला चौपट परत.

तो रडला असं लूक कुठेही लिहीत नाही. रडला असेलही. पण लूकने नोंद ठेवली ती आकड्यांची.

हे वचन मला का टोचतं, ते आज सांगतो.

काही वर्षांपूर्वी एका रिलीजच्या रात्री उशीर होत होता. माझ्या टीममधला एक नवीन मुलगा डिप्लॉयमेंट करत होता. मी त्याला तोंडी सांगितलं, "ती टेस्टची पायरी सोड, काही होत नाही." व्हायचं ते झालं. सकाळी सिस्टीम बंद. मीटिंगमध्ये लॉग उघडला, त्यात नाव त्याचं. मॅनेजरने विचारलं, पायरी का वगळली? तो मुलगा माझ्याकडे बघत होता. मी लॅपटॉपकडे बघत होतो.

बस, एवढंच. मी खोटं बोललो नाही. मी काहीच बोललो नाही. त्या वर्षी त्याचं अप्रेझल खराब झालं आणि काही महिन्यांनी तो कंपनी सोडून गेला.

त्या रात्री मी गुडघ्यावर आलो, खरंच रडलो. प्रभूकडे क्षमा मागितली, १ योहान १:९ वाचलं, मन हलकं झालं. मला वाटलं, विषय संपला. त्याच्यासाठी तो संपला नव्हता, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

आता खरा प्रश्न असा : देवाने क्षमा केली असेल, तर माणसाकडे जायची गरज काय? वधस्तंभावर सगळं फिटलं ना? मग पुन्हा भरपाईची भाषा म्हणजे कृपेवर अविश्वास नाही का?

हा प्रश्न मी स्वतःला दोन वर्षं उत्तर म्हणून वापरला. स्तोत्र ५१ सुद्धा वापरलं. तिथे दावीद म्हणतो की त्याने केवळ देवाविरुद्ध पाप केलं. पण मित्रांनो, दावीद उरीयाच्या घरी जाऊ शकत नव्हता, कारण उरीया मेला होता. माझा माणूस जिवंत होता. त्याचा नंबर माझ्या फोनमध्ये होता.

थोडं शब्दाकडे बघू. आपला मराठी शब्द पश्चात्ताप : पश्चात म्हणजे नंतर, ताप म्हणजे होरपळ. नंतर होणारी जळजळ. शब्द सुंदर आहे, पण तो मनातल्या वेदनेपाशीच थांबतो. संदेष्टे वापरतात तो इब्री शब्द 'शूव', त्याचा साधा अर्थ माघारी फिरणे. रस्ता चुकलेला माणूस करतो तेच. आणि नव्या करारातला ग्रीक शब्द 'मेटानोइया' म्हणजे मन बदलणे. चुकीच्या रस्त्यावर बसून कितीही रडलं तरी घर जवळ येत नाही. उधळ्या पुत्राला डुकरांमध्ये शुद्ध आली, पण गोष्ट बदलली ती तो उठून चालू लागला तेव्हा.

बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे लोक आले आणि विचारू लागले, आम्ही काय करावं? लूक ३ काढून बघा. त्याने त्यांना लांबलचक प्रार्थना दिली नाही. जकातदारांना म्हणाला, ठरलेल्यापेक्षा जास्त घेऊ नका. शिपायांना म्हणाला, कोणाला धमकावून पैसे उकळू नका, पगारात समाधान माना. ज्याचं पाप जिथे, त्याचं वळणही तिथेच. मी त्या रांगेत असतो तर योहान मला नक्कीच म्हणाला असता, "आरसीएमध्ये खरं लिही."

पण दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. यहूदा इस्कर्योताला बघा (मत्तय २७). त्याला हळहळ वाटली. त्याने याजकांपुढे चूक कबूल केली. तीस रुपये परतही केले. म्हणजे दुःख, कबुली, परतफेड, सगळं झालं. राहिलं एकच : तो येशूकडे परत गेला नाही. पेत्रानेही प्रभूला नाकारलं होतं, तोही रडला. पण किनाऱ्यावर प्रभू आहे हे कळताच त्याने सरळ समुद्रात उडी टाकली, त्याच्याकडे जायला. तिथे कोळशाचा विस्तव होता. त्याने नाकारलं तेव्हाही तो कोळशाच्या विस्तवापाशीच शेकत उभा होता. प्रभूने त्याला त्याच जागी आणून, तीन नकारांच्या जागी तीनदा प्रेमाबद्दल विचारलं.

म्हणून परतफेड ही क्षमेची किंमत नाही. जक्कयाच्या गोष्टीतला क्रम बघा : आधी येशू त्याच्या घरी आला, मग तिजोरी उघडली. चौपट देऊन त्याने प्रभूला विकत घेतलं नाही. नियमशास्त्रात, गणना ५ मध्ये, कबूल करणाऱ्याने पूर्ण रक्कम आणि वर एक पंचमांश द्यायचा होता. हा चौपट बोलला. ज्याला मिळालेल्या क्षमेची खात्री पटते, तो घासाघीस करत नाही. उलट, माणसासमोर जायला मी घाबरत होतो, कारण देवाच्या क्षमेपेक्षा माझी इमेज मला जास्त सुरक्षित वाटत होती. कृपेवर अविश्वास तो होता.

एका रविवारी प्रभुभोजनाआधी पाळकांनी आत्मपरीक्षणासाठी थोडा वेळ दिला. मला मत्तय ५ आठवलं : अर्पण वेदीपाशी ठेव, आधी भावाकडे जा. त्या दिवशी मी भाकर घेतली नाही. बाहेर पार्किंगमध्ये जाऊन फोन लावला.

सगळं सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "दादा, मला माहीतच होतं. मी वाट बघत होतो, तुम्ही त्या मीटिंगमध्ये बोलाल म्हणून." तो "माफ केलं" म्हणाला नाही. मीही मागणी केली नाही. क्षमा करायची की नाही, कधी करायची, हा त्याचा हक्क आहे. मी त्याला विचारून जुन्या मॅनेजरला सविस्तर मेल लिहिला. त्याचं ते वर्ष परत आलं नाही. पण त्याच्या नावावरचा डाग माझा होता, हे आता लेखी आहे.

कधी कधी समोर जाण्याने त्या व्यक्तीची जखम पुन्हा उघडू शकते. तिथे घाई करू नका, पाळकांशी किंवा विश्वासातल्या वडीलधाऱ्यांशी आधी बोला. पण "देवाने माफ केलं" ही पळवाट करू नका.

आज पाच मिनिटं शांत बसा. मनात एखादं नाव येतंय का?

प्रार्थना : प्रभू येशू, तू आमच्या घरी आमच्या लायकीमुळे येत नाहीस. तू आलास, हेच पुरेसं आहे. आता आम्हाला उभं राहून खरा हिशोब सांगायचं धैर्य दे. आणि ज्यांना आम्ही दुखावलं, त्यांना तू भर. आमेन.