भिंतीची बाहेरची बाजू



नाताळ जवळ आला की आपल्या गावठणात रंगसफेदीला सुरुवात होते. त्या दिवसांत सहज एक फेरी मारून पाहा. रस्त्याकडची भिंत ताज्या रंगाने उजळलेली दिसेल, आणि तीच भिंत वळून गल्लीत शिरली की शेवाळलेली, पोपडे सुटलेली. जी बाजू पाहुण्यांना दिसते तिच्यावर खर्च होतो. जी फक्त शेजाऱ्याला दिसते ती तशीच राहते. आमचे घरही याला अपवाद नव्हते. या पश्चिमेकडच्या, गल्लीतल्या भिंतीने गेले वर्षभर आमच्या घरात जो वाद पेटवला, त्याविषयी आज चार शब्द लिहितो.

घर आजोबांच्या काळचे आहे, अंधेरीतले. दीड विटेची जाड भिंत, जुडाई चुन्याची, वर मंगलोरी कौले. मूळचा गिलावाही चुन्याचाच होता. माझ्या वडिलांनी सत्तरच्या दशकात तो खरवडून काढला आणि वर सिमेंटचा इंचभर थर चढवला. त्या काळी सिमेंट म्हणजे पक्के काम, चुना म्हणजे गरिबी, असे सगळ्यांनाच वाटे. वडिलांनी चांगल्याच हेतूने ते केले. पण त्यानंतर त्या भिंतीची ओल कधीच गेली नाही. आतल्या बाजूला लोणा लागायचा, पांढरी भुकटी जमिनीवर पडायची. दरवर्षी ऑक्टोबरात आम्ही ती झाडायचो आणि वर रंगाचा हात मारायचो.

असे का होते, ते एका म्हाताऱ्या गवंड्याने मला समजावले. वीट पाणी पिते, चुनाही पितो, पण दोघेही ते ऊन पडले की परत हवेला देतात. सिमेंटचा थर घट्ट असतो. त्याला केसाएवढी चीर पडली की पावसाचे पाणी आत शिरते, मात्र त्याला बाहेर पडायला वाट उरत नाही. मग ते आतल्या खोलीकडे सरकते. विटेतले क्षार पाण्याबरोबर वर येतात, सुकताना त्यांचे खडे बनतात आणि गिलाव्याला मागून ढकलतात. आपल्याकडे पाऊस थोडाथोडका नसतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेने एका दिवसात ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद केली, हे आपण कोणीच विसरलेलो नाही. नैर्ऋत्येकडून येणारी झड बरोबर याच पश्चिमेच्या भिंतीवर आपटते. जुनी माणसे जूनच्या आधी झावळ्या विणून भिंतींना बांधायची. आम्हाला त्याची लाज वाटू लागली आणि आम्ही ते सोडून दिले.

आता वादाकडे येतो. माझ्या पुतण्याला गेल्या वर्षी मुलगा झाला. त्यांची खोली या भिंतीलगत. उन्हाळ्यात दुपारचे ऊन भिंतीवर पडते, जाड विटा ते पिऊन घेतात, आणि रात्री नऊ-दहाला ती उष्णता आत उतरू लागते. हात लावला तर तव्यासारखी भिंत! बाळ रात्रभर रडायचे. पुतण्याने एक ठेकेदार आणला. त्याचा उपाय सरळ होता : आहे त्याच गिलाव्यावर बाहेरून थर्माकोलचे जाड तक्ते चिकटवायचे, वर जाळी, वर पातळ गिलावा आणि रंग. पंधरा दिवसांत काम पूर्ण. खोली थंड राहील, विजेचे बिल कमी येईल, पोपडेही झाकले जातील. भिंत फक्त तीन इंचांनी जाड होईल, आणि तीही बाहेरच्या बाजूला, म्हणजे आपल्या खोलीतला एक इंचही जाणार नाही.

मी विचारले, ‘‘हे तीन इंच येणार कुठून?’’

पुतण्या म्हणाला, ‘‘काका, गल्लीतून. भिंत आपली आहे. विचारायचे कोणाला?’’

हा प्रश्न त्याने उद्धटपणे केला नव्हता. तो खरोखरच विचारत होता, आणि मला चटकन उत्तर देता आले नाही. भिंत आमची आहे हे कागदोपत्री खरे. पण आम्ही राहतो तिच्या आतल्या बाजूला. बाहेरची बाजू आम्ही वर्षातून दोनदाही पाहत नसू. ती रोज पाहतात समोरच्या मावशी, एकट्या राहणाऱ्या, वयाने पंचाहत्तरीच्या पुढे. त्यांचे एकुलते एक खिडकीचे तावदान आमच्या भिंतीकडे उघडते. आमच्या भिंतीवरून उसळणारे ऊन त्यांच्या खोलीत जाते, आमच्या वळचणीच्या पागोळ्या त्यांच्या पायरीवर पडतात. चाळीसेक वर्षांपासून त्यांच्या कपड्यांच्या दोरीचे एक टोक आमच्या भिंतीतल्या हुकाला बांधलेले आहे. मालकी आमची, पण त्या भिंतीबरोबर संसार केला तो मावशींनी.

मी टेप घेऊन गल्लीत गेलो. कोपऱ्यावर, जेथे कोणीतरी कधीतरी आपली पायरी पुढे घेतली आहे, तेथे गल्ली एकतीस इंच भरली. आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे की आमच्या गल्लीतून शवपेटी खांद्यावर नेता येत नाही. पुढे दोघे आणि मागे दोघे, हातात धरून, एका रांगेत न्यावी लागते. तीन इंच गेले असते तरी ती गेली असती, हे मी प्रामाणिकपणे कबूल करतो. मग मावशींच्या चाकाच्या खुर्चीची रुंदी घेतली. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेपासून त्या तिच्यावरच बसून मिस्साला येतात. खुर्ची सव्वीस इंच. आज कोपऱ्यावर दोन्ही बाजूंना अडीच-अडीच इंच सुटतात. त्यातून त्या स्वतःच्या हातांनी चाके फिरवत निघतात. तीन इंच आम्ही घेतले असते तर एकेक इंच उरला असता. खुर्ची गेली असती, पण त्यांच्या बोटांची सालटी निघाली असती.

पुतण्याचे म्हणणे असे की ती पुढे आलेली पायरी आमची नाही, मग तिची भरपाई आम्ही का करावी? मुद्दा खोटा नाही. आजी सांगायची की तिच्या लग्नाच्या वेळी या गल्लीतून पाण्याचे हंडे घेतलेल्या दोन बायका एकमेकींना धक्का न लावता जायच्या. मग एकाने पायरी वाढवली, एकाने लोखंडी जाळी बाहेर काढली, एकाने नळाचे पाइप आणि पंपाचा कट्टा. प्रत्येकाचे म्हणणे एकच, दोन-तीन इंचांनी काय होते? आणि प्रत्येकाचे खरेच होते! कोणा एकाच्या तीन इंचांनी गल्ली बुजली नाही, म्हणून कोणालाच आपण काही चुकीचे केले असे वाटले नाही. शेजाऱ्याच्या सीमेचा दगड सरकवू नये, अशी आज्ञा अनुवादाच्या पुस्तकात आहे. दगड सरकवणाऱ्याला निदान रात्री उठून, वाकून, हाताला माती लावून तो हलवावा लागे. आमचा दगड तर गिलाव्याबरोबर आपोआप सरकतो. दोष लागल्याचे जाणवतही नाही.

पण दुसरी बाजूही मांडली पाहिजे, कारण जुन्या घरांविषयी बोलताना आपण फार लवकर हळवे होतो. भिंत काही पूजेची वस्तू नाही. आजोबांची वीट म्हणून नातवाचे बाळ उकाड्यात तडफडावे, हा न्याय नव्हे. जर्मनीसारख्या थंड देशांत जुन्या घरांना बाहेरून असे आवरण घालणे ही नेहमीची गोष्ट आहे, आणि इंधन वाचवायचे तर ते योग्यही आहे. पुतण्याची गरज खरी होती. गरज खरी असेल तर ती कोणाच्या जागेतून भागवायची, एवढाच प्रश्न उरतो.

आवरणाविषयी आणखी एक गोष्ट माझ्या मनातून जात नव्हती. लंडनच्या ग्रेनफेल टॉवर या चोवीस मजली इमारतीला २०१६ पर्यंत चाललेल्या दुरुस्तीत बाहेरून उष्णतारोधक थर आणि चकचकीत पत्रे बसवले गेले. इमारत ऊबदार झाली, दिसायलाही सुधारली. १४ जून २०१७ च्या पहाटे एका स्वयंपाकघरात लागलेली आग त्या बाहेरच्या आवरणातून वर चढली आणि ७२ माणसे गेली. २०२४ मध्ये आलेल्या चौकशी अहवालाने हे साहित्य विकणाऱ्या कंपन्यांच्या अप्रामाणिकपणावर आणि सरकारच्या वर्षानुवर्षांच्या दुर्लक्षावर बोट ठेवले. आमच्या एकमजली घराची त्या टॉवरशी तुलना होत नाही, हे मला कळते. तरीही मी ठेकेदाराला विचारले की तुमचे तक्ते आग धरतात का. तो म्हणाला, ‘‘साहेब, वरून गिलावा असतो ना, दिसत नाही.’’ मी आगीविषयी विचारले होते, त्याने दिसण्याविषयी उत्तर दिले.

यहेज्केल संदेष्ट्याने कच्च्या भिंतीला चुना फासणाऱ्यांना चांगलेच सुनावले आहे, ते आपण प्रवचनांतून ऐकतो. मला मात्र या वर्षी लेवीयच्या चौदाव्या अध्यायाने जास्त विचार करायला लावले. हा अध्याय आपण बहुधा पाने उलटून पुढे जातो. घराच्या भिंतीवर हिरवट किंवा तांबूस डाग पडले तर काय करावे, याचे तेथे अगदी गवंड्याला शोभेल असे वर्णन आहे. याजकाने येऊन पाहायचे. घर सात दिवस बंद ठेवायचे. डाग पसरला तर तेवढेच दगड काढायचे, आतून सारे खरवडायचे, नवे दगड बसवून नवा गिलावा करायचा. पुन्हा डाग फुटला तरच घर पाडायचे. आणि पाहणी सुरू होण्याआधी घरातले सामान बाहेर काढू द्यायचे, म्हणजे ते अशुद्ध ठरणार नाही. केवढा समजूतदारपणा! गरिबाच्या भांड्याकुंड्यांचा विचार देवाच्या नियमशास्त्रात केलेला आहे. खरवडलेली माती नगराबाहेर ठरावीक जागीच टाकायची, असेही सांगितले आहे. आपल्या उपनगरांतला राडारोडा रात्री कोणत्या खाडीत जातो, हे येथे लिहायला नको.

आम्ही शेवटी ठेकेदाराला नाही म्हटले आणि त्या म्हाताऱ्या गवंड्याला बोलावले. फेब्रुवारीत सिमेंटचा थर पाडला. आतल्या विटा काळ्या, ओल्या होत्या. पन्नास वर्षांचे पाणी त्यांत होते. त्यांना दोन महिने उघडे ठेवले. गल्लीतून येणाराजाणारा विचारायचा, ‘‘पैसे संपले की काय?’’ त्या उघड्या भिंतीची मला लाज वाटत होती, हेही सांगतो. मग दरजा कोरून भरल्या, चुना आणि विटेची भुकटी यांचा गिलावा पातळ थरांनी चढवला, वर पांढरी सफेदी. जुना इंच गेला, नवा इंच आला. गल्लीचे काही गेले नाही.

चुना हवेतला वायू शोषून हळूहळू दगड होतो. त्याला वेळ लागतो, आणि वेळच मिळाला नाही. २०२५ साली मुंबईत मोसमी पाऊस २६ मे रोजीच दाखल झाला, नोंदी ठेवल्या जाऊ लागल्यापासून सर्वांत लवकर. खालचा दोन फुटांचा पट्टा शेवटी केला होता, तो ताजाच होता. एका रात्रीत धुऊन गेला. सकाळी मावशींच्या पायरीवर पांढरा चिखल साचलेला. पुतण्या काही बोलला नाही, पण त्याच्या चेहऱ्यावर जे होते ते मला वाचता आले. त्या दिवशी दुपारी मी सिमेंटच्या दुकानापर्यंत जाऊन आलो, हेही लिहून टाकतो. एक गोणी आणि संध्याकाळपर्यंत काम झाले असते. परत येऊन आम्ही दोघांनी मावशींची पायरी धुतली आणि भिंतीला ताडपत्री बांधली.

खोली किती थंड झाली? थर्माकोलने झाली असती तेवढी नाही. सफेदीमुळे ऊन परतते, भिंत कोरडी राहते, पण तव्याचा ताप पुरता गेलेला नाही. पुतण्याने वातानुकूलन यंत्र बसवले. त्याचा गरम हवा फेकणारा डबा गल्लीत मावशींच्या खिडकीसमोर बसवणे सर्वांत स्वस्त पडले असते. तो त्याने मागच्या पडवीवर, आमच्याच अंगणाच्या बाजूला बसवला. पाइपांचे जादा पैसे त्यानेच भरले. मी त्याला सांगितले नव्हते.

पश्चिमेकडे कौलांचा छोटा छज्जा काढावा असे गवंड्याने सुचवले होते, झड अडेल आणि सावलीही पडेल. यावेळी आम्ही दोघे आधी मावशींकडे गेलो. छज्जा डोक्याच्या पुष्कळ वर असेल, खुर्चीला अडणार नाही, पण तुमचा थोडा उजेड जाईल, असे स्पष्ट सांगितले. त्यांनी चहा ठेवला. बराच वेळ खिडकीतून आमच्या भिंतीकडे पाहत राहिल्या. उजेडाचे राहू दे, म्हणाल्या, ऊन तरी कमी येईल. पण पागोळ्या पायरीवर नकोत, पन्हळ लावा. आणि मग जरा संकोचून दुसरी गोष्ट काढली. गिलावा पाडताना गवंड्याने त्यांच्या दोरीचा हूक काढून टाकला होता. फेब्रुवारीपासून त्या कपडे खुर्चीच्या पाठीवर वाळत घालत होत्या. आम्हाला विचारावे कसे, भिंत तर आमची, म्हणून गप्प राहिल्या होत्या.

पुतण्याने दुसऱ्या दिवशी नवा हूक आणला, पितळेचा, गंजू नये म्हणून. ओल्या चुन्यात तो धरेना. खिळा खोल विटेत न्यावा लागला. आता तो मावशींना खुर्चीत बसून हात पोहोचेल एवढ्या उंचीवर आहे, जुन्यापेक्षा फूटभर खाली.