चालणाऱ्याचा पत्ता



आपल्या तिवसा तालुक्यातले कौंडण्यपूर हे रुक्मिणीमातेचे माहेर. तिथून आषाढीला पायी पंढरीस जाणारी पालखी राज्यातल्या सर्वांत जुन्या पालख्यांपैकी एक मानली जाते. वाटेत कोणी पाणी पाजतो, कोणी ओसरी झाडून देतो, कोणी झुणका-भाकर वाढतो. तुझा रहिवासी दाखला दाखव, असे कोणी म्हणत नाही. गळ्यातली माळ आणि खांद्यावरची पताका, एवढा पत्ता आपल्याला पुरतो.

सुगीत गावाबाहेर फासेपारध्यांची पाले पडतात. तीही माणसे बायकापोरांसह चालतच आलेली. पण ती आली की रात्री हरभऱ्याला राखण वाढते, आणि गावात काही हरवले की पहिली झडती पालाची.

ही नजर आपल्या मनात नुसती गावगप्पांतून आली नाही. तिच्यामागे कायदाही होता. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्याने माणसाला कृत्यावरून नव्हे, जन्मावरून गुन्हेगार ठरवले. नोंदणी आणि हजेरी मागे लावली. तो रद्द झाला १९५२ साली. पुढे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तित्तर-बटेर धरण्याचा पिढीजात धंदाही गेला. पाखरांच्या दृष्टीने कायदा योग्यच. पण फास टाकून दिलेल्या हाताला दुसरे काम कोणी दिले?

आणि सवलत घ्यायची तर जातीचा दाखला हवा. त्यासाठी ६ सप्टेंबर १९५० च्या आधीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. ज्याचा आजा त्या साली दर पंधरा दिवसांनी पाल हलवीत होता, त्याने कुठला उतारा आणावा?

माउली, शेतकऱ्याची बाजूही खोटी नाही. ज्याचा हरभरा रात्रीतून उपटून नेला, त्याला दयेचे कीर्तन सांगू नये. त्याची तक्रार घ्यावी, चोर शोधावा, शिक्षा करावी. मात्र एकाच्या चोरीसाठी सगळी पाले उठवली, तर आपण १८७१ चाच कायदा चालवतो.

गायरानाचा प्रश्न याहून अवघड. गावच्या गुरांना चराई उरली नाही, हे खरे. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली गावच्या सामायिक जमिनीवरील अतिक्रमणे काढण्यास सांगितले. सरकारी आदेशाने भूमिहीनांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना पट्टे दिले असतील, तर अपवादाला जागाही ठेवली. पालवाल्याजवळ पट्टा कुठला! तरी माझे मत स्पष्ट आहे. धुरा सरकवत सरकवत ज्याने गायरानात नांगर घातला, पहिली नोटीस त्याला जावी. तो ग्रामसभेत पुढच्या सतरंजीवर बसतो, म्हणून ती जात नाही.

जवळच नांदगाव खंडेश्वर तालुक्यात मंगरूळ चव्हाळा येथे मतीन भोसले यांनी फासेपारध्यांच्या मुलांसाठी शाळा काढली. तिचे नाव ‘प्रश्नचिन्ह’. स्वतः त्याच समाजातल्या माणसाला शाळेसाठी दुसरे नाव सुचू नये, यातच बरेच आले.

आपल्या संप्रदायाला हा पेच नवा नाही. चोखोबांची समाधी महाद्वारासमोर आहे, पण त्यांच्या समाजाला ते दार मोकळे व्हायला साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात उपोषण करावे लागले. मधली शतके टाळ वाजतच होते. दार बंद ठेवणारेही माळकरीच होते आणि त्यांना आपण धर्म पाळतो असेच वाटत होते.

तुमच्या गावात ऐंशी-पंच्याऐंशीचे कोणी म्हातारे असतील. अमुक पारध्याचा बाप दर सुगीला आपल्याच शिवारात उतरायचा, हे त्यांना आठवत असेल. वास्तव्याच्या चौकशीला तलाठी आला, की ही आठवण त्याच्या कागदावर उतरली पाहिजे. त्या म्हाताऱ्यांना हाताला धरून चावडीपर्यंत न्यायला मात्र कोणीतरी लागेल.