भत्त्याचा न्याय

ठाकुर्लीच्या रेल्वे वसाहतीतील नोकरदार आणि त्याच्या घरी धुणीभांडी करणारी बाई एकाच बाजारातून डाळ घेतात. सातव्या वेतन आयोगानंतर १ जानेवारी २०१६ पासून केंद्रीय नोकराचे किमान मूळ वेतन ७,००० वरून १८,००० रुपये झाले. शिवाय वर्षातून दोनदा महागाई भत्त्याची फेरआकारणी होते. हे न्याय्यच होय. परंतु भत्त्याचे कारण महागाई हेच असेल, तर तिची झळ ज्यास लागते त्या प्रत्येकाचा तो हक्क ठरत नाही काय? आम्हां प्राध्यापकांसही भत्ता मिळतो. मात्र मोलकरणीने शंभर रुपये वाढवून मागितले की आम्ही काटकसरीचा उपदेश करू लागतो! सरकारकडे मागितलेला न्याय स्वतःच्या उंबरठ्याआड दिल्यावाचून आमच्या मागणीस हक्क म्हणवत नाही.