काचेतला पाऊस

पॅलुडेरियम म्हणजे काचेच्या पेटीत उभी केलेली दलदल. खाली पाच-सहा इंच पाणी, पाण्यातून वर आलेली लाकडं आणि दगड, त्यावर मॉस, नेचे, अनुबियास, आणि वरून ठरलेल्या वेळी पडणारा बारीक फवारा. मत्स्यालयात सगळं पाणी असतं, टेरेरियममध्ये सगळी जमीन. इथे मजा असते ती काठाची.

माझी पेटी तीन फुटांची आहे आणि ती शहाद्याच्या घरी, माझ्या कामाच्या टेबलाशेजारी ठेवलेली आहे. कंपनी पुण्याची, काम घरून. आठ महिन्यांत झाडं छान लागली. आता पेटी बघणारा प्रत्येक जण एकच विचारतो, "यात सोडणार काय?"

या छंदातली मंडळी हा प्रश्न फार सहजपणे घेतात. त्यासाठी तक्ते तयार असतात. डार्ट फ्रॉग, फायर-बेलीड टोड, व्हाइट्स ट्री फ्रॉग, क्रेस्टेड गेको, छोटी कासवं. प्रत्येकापुढे तापमान, आर्द्रता, पेटीचा आकार, एका पेटीत किती. मला तक्ते आवडतात, माझं पोटच त्यांच्यावर चालतं. दोन संध्याकाळी बसून मीही एक केला. तो बघून आजीने अहिराणीत एकच शब्द विचारला, "कसाले?"

कशाला. तक्त्यात या प्रश्नाचा रकाना नव्हता.

आधी सोपे रकाने बघू, कारण निम्मी यादी तिथेच गळते. डार्ट फ्रॉगला बावीस ते सव्वीस अंश सेल्सिअस मानवतं. तिशीच्या वर त्याच्या जिवाला धोका. नंदुरबार जिल्ह्यात एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या पुढे जाणं ही बातमी नसते. म्हणजे चिलर किंवा चोवीस तास एसी, आणि वीज जाते म्हणून त्यामागे इन्व्हर्टर. बेडूक कातडीतून पाणी पितो, बराचसा श्वासही कातडीतून घेतो. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन, झाडांना घातलेलं खत, बुरशीनाशक, सगळं थेट त्याच्या आत जातं. सर्व्हर पडला तर रात्री तीनला फोन येतो, मी उठतो, रीस्टार्ट करतो. बेडूक रीस्टार्ट होत नाही.

दुसरा रकाना आयुष्याचा. व्हाइट्स ट्री फ्रॉग नीट सांभाळला तर पंधरा वर्षं सहज जगतो. बाजारात नाण्याएवढं मिळणारं लाल कानाचं कासव वाढून ताटाएवढं होतं आणि दोन-तीन दशकं जगतं. मग लोक ते जवळच्या तलावात सोडून येतात आणि आपण पुण्य केलं असं समजतात. जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर आक्रमक प्रजातींच्या यादीत हे कासव आहे. माझा पुण्यातला भाडेकरार अकरा महिन्यांचा असायचा. ज्या पिढीला पुढच्या वर्षी आपण कुठल्या शहरात असू ते सांगता येत नाही, तिने पंधरा वर्षांचा शब्द कुणाला द्यावा?

तिसरा रकाना कायद्याचा, आणि इथे लोक फार गोंधळतात. 'इथलाच प्राणी धरून आणला तर काय बिघडलं' हा पहिला गोंधळ. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकार या शब्दाच्या व्याख्येत पकडणंही येतं. घोरपड आणि तारा कासव अनुसूची एकमध्ये आहेत, त्यांना घरात ठेवायचा विचारही करू नये. दुसरा गोंधळ, 'परदेशी असेल तर चालतं.' डार्ट फ्रॉगचे बरेच प्रकार साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत. २०२२च्या दुरुस्तीनंतर साइट्सच्या यादीतले प्राणीही आपल्या कायद्याच्या कक्षेत आले आणि फेब्रुवारी २०२४च्या नियमांनुसार ते बाळगणाऱ्याने सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करायची असते. दुकानदार हे सांगत नाही. तो म्हणतो, 'कॅप्टिव्ह ब्रेड आहे, टेन्शन नका घेऊ.'

लेबलवरच्या या दोन शब्दांबद्दल आमच्या तालुक्यातल्या माणसाने जरा जास्त सावध असायला हवं. रानपिंगळा नावाचं छोटं घुबड १८८४नंतर कुणालाच सापडलं नव्हतं. फक्त एक नोंद होती. रिचर्ड माइनर्ट्झहागन या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या संग्रहातल्या एका नमुन्यावर '१९१४, गुजरात' असं लेबल होतं. लोक त्या पत्त्यावर शोधत राहिले. पामेला रासमुसेन यांनी कागद तपासले तेव्हा कळलं की तो नमुना संग्रहालयातून चोरलेला, एकोणिसाव्या शतकातलाच होता आणि वर लेबल खोटं लावलेलं होतं. त्यांनी ती नोंद बाजूला ठेवली, जुन्या खऱ्या ठिकाणांकडे वळल्या आणि नोव्हेंबर १९९७मध्ये त्यांच्या तुकडीला रानपिंगळा शहाद्याजवळच्या जंगलात दिसला. (तेव्हा शहादा धुळे जिल्ह्यात होतं, नंदुरबार जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ला.) एकशे तेरा वर्षं तो पक्षी आपल्या जागी होता, चुकीचा होता तो कागद.

प्राणी त्याच्या जागेवरून उचलला की त्याच्याबद्दलचं सत्य कागदावर जातं, आणि कागद कुणीही लिहू शकतो. जंगलातून उचललेला बेडूक फार्मवर जन्मला असं लिहायला एक सही पुरते.

आता समजा हे तिन्ही रकाने सुटले. पैसा आहे, थंडावा आहे, नोंदणी केली, आणि बेडूक खरोखर काचेतच जन्मलेला आहे. मग आजीच्या प्रश्नाला उत्तर मिळालं का?

इथे छंदातले विचारी लोक एक मुद्दा मांडतात आणि तो टाकाऊ नाही. बाहेर बेडकाच्या हजार अंड्यांतून मोजके जगतात. साप आहे, बगळा आहे, शेतातली फवारणी आहे, रस्त्यावरचं चाक आहे. काचेत यातलं काही नाही. अन्न वेळेवर, आजार झाला तर उपचार. ज्याने बाहेरचं जग कधी पाहिलंच नाही, त्याला कशाची उणीव भासणार?

आपल्याकडे याला शब्द आहे: कूपमंडूक. विहिरीतला बेडूक, ज्याला विहीर म्हणजेच जग वाटतं. शतकानुशतकं आपण हा शब्द शिवी म्हणून वापरला आणि दोष बेडकाला दिला. पण ती विहीर निदान कुणी त्याच्यासाठी बांधली नव्हती. माहीत नसलं म्हणजे उणीव नाही, हा युक्तिवाद माणसांच्या बाबतीत आपण कधीच मान्य करत नाही. ज्या मुलीला शाळेत पाठवलंच नाही तिला शाळेची आठवण येत नाही, म्हणून तिचं काही हिरावलं नाही असं कुणी म्हटलं तर आपण भांडतो. बेडूक म्हणजे मुलगी नव्हे, हे मला कळतं. त्याला काय भासतं हे मला ठाऊक नाही. पण ज्याची काही उणीव भासू शकते असं निदान काही तरी तिथे आहे का, हे बघता येतं.

डार्ट फ्रॉगचं उदाहरण घ्या. त्याचं प्रसिद्ध विष तो स्वतः शून्यातून बनवत नाही. रानातल्या मुंग्या आणि माइट्स खाऊन तो ते अंगात साठवतो. पेटीत फळमाश्यांवर वाढवलेला डार्ट फ्रॉग विषारी नसतो. रंग तोच, झगमग तीच, फक्त तो रंग ज्या गोष्टीची धमकी देतो ती गोष्ट नाही. आपण विकत घेतो तो इशारा, ज्याच्यामागे आता काही उरलेलं नाही.

आणि पाऊस. माझं सगळं अडलं ते इथे.

आमच्याकडे बेडकाचं वर्ष पावसावर उभं असतं. खणणाऱ्या बेडकाच्या मागच्या पायावर फावड्यासारखी कडक गाठ असते. पाऊस ओसरला की तो उलटा सरकत सरकत जमिनीत उतरतो आणि कोरडे महिने तिथेच काढतो. मोठ्या बुलफ्रॉगचे नर एरवी मातकट हिरवे असतात. पहिल्या मोठ्या पावसात ते हळदीसारखे पिवळे होतात, गळ्याच्या पिशव्या निळ्या, आणि साचलेल्या पाण्यात रात्रभर गोंधळ. थोडे दिवस, मग संपलं. या जिवाच्या आयुष्यातला मोठा भाग वाट बघण्याचा आहे. मेमध्ये मान वर करून ढग बघणाऱ्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. पाऊस लांबला की अजूनही काही गावांत धोंडी निघते, आणि काही ठिकाणी त्यात काठीला बेडूक बांधलेला असतो. बेडकाला विचारून नव्हे, अर्थात. पण त्यामागची समजूत तरी अशी की याची आणि आपली मागणी एकच आहे, आणि ती दोघांच्याही हातात नाही.

माझ्या पेटीत पाऊस सकाळी आठ, दुपारी दोन, रात्री नऊ, प्रत्येकी चाळीस सेकंद. टायमरवर. मी तो मोबाइलवरून बदलू शकतो. बेडकांची पैदास करणारे लोक काय करतात माहीत आहे? आधी काही आठवडे पेटी मुद्दाम कोरडी ठेवतात, मग रेन चेंबरमध्ये मुसळधार फवारा सुरू करतात. तेव्हा कुठे नर ओरडायला लागतात. म्हणजे सांभाळणाऱ्यांनाही माहीत आहे की रोजचा नेमका पाऊस हा बेडकाच्या दृष्टीने पाऊसच नसतो. त्याला दुष्काळही लागतो. मग तो दुष्काळ द्यायचा कुणी? माझ्या सोयीने, सुट्टी बघून, मी?

प्राणी निवडणं म्हणजे कुणाचं तरी हवामान होणं, आणि ती नोकरी मला नको आहे. मी वाईट माणूस आहे म्हणून नव्हे. खानदेशात वाढलेल्या कुणालाही विचारा, ज्याच्या हातात पाणी असतं त्याच्याशी आपलं नातं कसं असतं.

पण काचेची पेटी म्हणजे पापच, असं मी म्हणणार नाही. टांझानियात किहान्सी नदीच्या धबधब्याच्या तुषारांत, जेमतेम दोन हेक्टरांवर, अंगठ्याच्या नखाएवढा एक टोड राहायचा. १९९६मध्ये तो लक्षात आला. थोड्याच वर्षांत वीजप्रकल्पाच्या धरणाने पाणी वळवलं, तुषार थांबले. डोंगरावर कृत्रिम फवारे बसवले, ते पुरले नाहीत. २०००मध्ये ४९९ टोड अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयांत नेले. २००९मध्ये रानात तो नामशेष झाल्याचं जाहीर झालं. काही वर्षं ही जात पृथ्वीवर फक्त काचेत होती. काचेत होती म्हणूनच २०१२पासून ती परत दरीत सोडता आली.

सरदार सरोवरात महाराष्ट्राची तेहेतीस गावं बुडितात आली, सगळी आमच्या अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. तिथून उठवलेल्या माणसांच्या वसाहती तळोदा-शहाद्याकडे सपाटीवर आहेत. शाळेत माझ्या बाकावर अशा वसाहतीतला मुलगा होता. त्याला नदीबद्दल विचारलं की तो मासे सांगायचा, नावानिशी. वसाहतीत नळ होता. नळाबद्दल त्याने कधी काही सांगितलं नाही. माणसांची आणि टोडांची तुलना मी करत नाही, पण दुसरा पर्याय उरला नाही म्हणून कुणाला काचेत न्यावं लागणं वेगळं आणि टेबलाशेजारी शोभेल म्हणून नेणं वेगळं, एवढं मला दिसतं. पहिल्या पेटीला परतीचं तिकीट असतं, निदान तशी इच्छा असते. माझ्या पेटीतला बेडूक कुठे परतणार होता?

काचेच्या पेटीची गोष्ट तशी उलटीच सुरू झाली होती. १८२९च्या सुमारास लंडनमधल्या नथॅनिएल वॉर्ड या डॉक्टरने पतंगाचा कोष ओल्या मातीत ठेवून बाटली बंद केली. त्याला पतंग बाहेर येताना बघायचा होता. काही दिवसांनी मातीतून न लावलेला नेचा उगवला. त्या बाटलीतून 'वॉर्डियन केस' आली, तिच्यातून चहाची रोपं चीनमधून भारतात आली, आणि बऱ्याच पुढे माझी पेटी. त्या गोष्टीत पुढे पतंगाचं नाव कुणी काढत नाही.

माझ्या पेटीत आज मॉस आहे, नेचे आहेत, मातीतले स्प्रिंगटेल आहेत, आणि झाडांबरोबर आलेल्या दोन जातींच्या गोगलगायी. पाहुणे अजूनही विचारतात. मी 'हेच' म्हणतो, ते थोडे निराश होतात.

मागच्या अंगणात, न्हाणीच्या पाण्यापासून लांब, मी या उन्हाळ्यात एक उथळ खड्डा खणला. चार फूट रुंद, एका बाजूने उतार, प्लास्टिक नाही, पंप नाही. पाऊस आला तर भरेल, नाही तर नाही. जूनच्या दुसऱ्या मोठ्या पावसानंतर त्यात टोडच्या अंड्यांच्या माळा दिसल्या. आठवड्याने झाडबेडकाने काठावरच्या गवताला फेसाचं घरटं चिकटवलं. यातलं कोण येणार हे मी ठरवलं नव्हतं, कुठल्याही तक्त्यात बघितलं नव्हतं.

नाना म्हणतात, डास होतील, गप्पी मासे सोड. आरोग्य खातंही तेच सांगतं, आणि डेंग्यूचं गांभीर्य मला सांगायला नको, गल्लीत दरवर्षी कुणी ना कुणी दवाखान्यात असतंच. पण गप्पी अंडी आणि टॅडपोल दोन्ही खातात. सध्या मी रोज संध्याकाळी गाळणीने डासांच्या अळ्या काढतो, हे किती दिवस जमेल ठाऊक नाही. शेजारच्या काकांनी आवाजाने झोप लागत नाही म्हणून दोनदा सांगितलं. त्यांचं खरं आहे. रात्री दीडला मी मीटिंगमध्ये म्यूटवर असतो तरी पलीकडून कुणी तरी विचारतं, हा आवाज कसला.