खडखड कोठून येते?



मध्यंतरी मोटारीचे पुढचे ब्रेक-पॅड मी स्वतःच बदलले. रस्त्यावर येताच खडखड सुरू झाली. “नवे आहेत, बसतील हळूहळू,” असे म्हणून मी चोर्ला घाटाने गोव्यास निघणार होतो. पत्नीने अडविले, मिस्त्रींकडे गेलो.

हत्यार उचलण्यापूर्वी त्यांनी विचारले, “आवाज केव्हा येतो?” नवे पॅड ब्रेक दाबताना थोडे दिवस किंचाळतात, ते चालते. न दाबताही एकसारखे घासत असेल, तर डिस्कमागचा पत्रा वाकलेला असू शकतो. आमचा आवाज मात्र खड्ड्यात येई आणि ब्रेक दाबताच थांबे. “म्हणजे काहीतरी सैल आहे,” ते म्हणाले. कॅलिपरचा एक बोल्ट मी नीट आवळलाच नव्हता! घाटात तो निघाला असता तर?

रविवारी उपासनेत आपणही शांत असतो. सोमवारी पहिल्याच खड्ड्यात घरच्यांवर खेकसतो आणि दोष रस्त्याला देतो. १३९ व्या स्तोत्राच्या शेवटी दावीद देवालाच आपले अंतःकरण तपासावयास बोलावतो. आज आपणही तेच मागू या. आवाज दडपू नका. सैल काय आहे, ते त्याला दाखवू द्या. आमेन.